स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी 'अर्थ शोधायचा' ग्रुप, कुणाला खरंच उपयोग झालाय का?

पारिजातक_सातारा

नमस्कार. बरीच वर्षं नुसतं वाचतेय इथे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. इंजिनियरिंगच्या थर्ड इयरला पुण्यात होस्टेलवर असताना सुरू झालं, म्हणजे आता मागे वळून बघितलं की कळतं आधी वर्षभर सुरू असणार, फोनवर बोलणं कमी, अंघोळीला टाळाटाळ, सबमिशन राहिलेली, आम्हाला वाटलं एखाद्या मुलीचं काहीतरी असेल नाहीतर अभ्यासाचं टेन्शन. मग एका रात्री रूममेटचा फोन आला, काकू हा म्हणतोय मेसच्या जेवणात काहीतरी कालवतात, तीन दिवस जेवला नाहीये. ह्यांनी रात्रीच गाडी काढली.

सात वर्षं झाली त्याला. दोनदा ऍडमिट केलं. मधे घरातल्या मोठ्यांच्या आग्रहाखातर देवर्ष्याकडेही नेलं, अंगारे, गंडे, अमावास्येला नारळ, त्यात आठ महिने गेले आणि गोळ्या बंद राहिल्या, ते आठ महिने मला अजून रात्री आठवतात. आता क्लोझापिन नावाची गोळी सुरू आहे, सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला न्यायचो. त्याला ऐकू येणारे आवाज कमी झालेत. पण तोही कमी झालाय. गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहतो. शेजारच्यांचा मिक्सर लागला की अजूनही माझ्याकडे बघतो, मी मान हलवून सांगते की काही नाही, चटणी करतायत.

हे झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, रिटायर झाले. सकाळी शेताकडे जातात ते दिवेलागणीला येतात, बोलणं जवळजवळ नाहीच. लेकीच्या लग्नाचं बघतोय, तिथे भावाचं कधी सांगायचं, किती सांगायचं ह्यावर घरात रोज एक भांडण. मी पतसंस्थेत २२ वर्षं नोकरी केली, ती सोडली. पूर्वी रोज पहाटे मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढायचे, ते सुटलं त्यालाही सहा वर्षं झाली.

आता मुद्दा. आमच्या डॉक्टरांकडे एका समुपदेशक बाईंनी घरच्यांसाठी शनिवारचा ग्रुप सुरू केलाय, आठ शनिवार. 'अर्थकेंद्री आधार' असं काहीतरी नाव. पहिले दोन शनिवार चांगले गेले, आजाराची माहिती, गोळ्या, रिलॅप्सची म्हणजे आजार उलटण्याची लक्षणं. तिसऱ्या शनिवारी सगळ्यांना कागद दिले आणि म्हणाल्या, या आजाराने तुम्हाला काय दिलं त्या पाच गोष्टी लिहा. शेजारच्या काकांनी लिहिलं संयम, देवावरची श्रद्धा, नाती कळली वगैरे. मला एक अक्षर लिहिता येईना. माझ्या पोराचं कॉलेज गेलं, मित्र गेले, हसणं गेलं, आणि मी लिहायचं की मला संयम मिळाला? कागद तसाच ठेवून उठले आणि एसटी स्टँडवर बसून रडले.

बाई वाईट नाहीत हो, फोन करून चौकशी केली त्यांनी. म्हणाल्या ही पद्धत व्हिक्टर फ्रँकल नावाच्या माणसाच्या विचारांवर आहे, तुम्ही परत या. मला एवढंच विचारायचंय, अशा ग्रुपने कुणाला खरंच बरं वाटलंय का? की हे आपल्या मनाचं समाधान करून घेणं आहे? परत जाऊ का?

रेवा_नगर

ताई, उत्तर नाहीये माझ्याकडे, पण एसटी स्टँडवरचं वाचून डोळे भरले. माझ्या बहिणीला १२ वर्षं आहे हा आजार. मी पण रडायला घराबाहेरच जागा शोधते, कारण घरात रडलं की तिला वाटतं तिच्यामुळेच, आणि मग तिला समजावण्यात रात्र जाते. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

विठू_सावळा

ताई, मागच्या जन्मीचं देणं असतं काही, ते फेडूनच जायचं. तुम्ही आईपणाने करताय ती विठ्ठलाचीच सेवा आहे असं समजा, मन शांत होईल. माझ्या आत्याने तिच्या मुलाचं ३० वर्षं असंच केलं.

निरंजन_ठाणे

पारिजातकताई, नमस्कार. मी शुभंकर आहे, म्हणजे आमच्या ग्रुपमधे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. माझ्या बायकोला १९ वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. ठाण्याला घरच्यांच्या स्वमदत गटात मी बरीच वर्षं जातो, आता नवीन येणाऱ्यांशी बोलायचं कामही करतो. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

पहिलं सांगतो, तुम्ही कागद कोरा ठेवलात ते बरोबर केलंत. प्रश्नच चुकीचा होता, निदान तिसऱ्या शनिवारी तरी. फ्रँकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, ज्यू होते, १९४२ साली त्यांना घरच्यांसकट नाझींनी नेलं. वडील, आई, भाऊ, बायको, सगळे छळछावण्यांमधे गेले. त्या माणसाने कुठेही असं म्हटलेलं नाही की छळछावणीने मला काय काय दिलं त्याची यादी करा. उलट त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, दुःख टाळता येण्यासारखं असेल तर आधी ते टाळा, जे टाळता येतं ते उगाच सोसण्यात काही मोठेपणा नाही. जे टाळताच येत नाही त्याच्यापुढे आपण कसं उभं राहायचं एवढंच काय ते आपल्या हातात उरतं, आणि अर्थाची गोष्ट तिथून सुरू होते. आजाराला अर्थ असलाच पाहिजे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मेंदूचा आजार आहे, मधुमेहाला कुठे अर्थ असतो? तुमच्या दिवसाला अर्थ आहे का, प्रश्न हा आहे.

आता हे घरात कसं दिसतं ते सांगतो, नाहीतर नुसतं तत्त्वज्ञान होईल. फ्रँकलनी अर्थ सापडायच्या तीन वाटा सांगितल्या. एक, आपण काहीतरी करतो, घडवतो. दुसरी, काहीतरी अनुभवतो, कुणावर तरी प्रेम करतो, निसर्ग, गाणं. तिसरी ती वर लिहिली, न टळणाऱ्यासमोर घेतलेली भूमिका. सांभाळणाऱ्या माणसाचं काय होतं, की आजार हळूहळू पहिल्या दोन वाटा बंद करून टाकतो, नोकरी सुटते, मैत्रिणी सुटतात, आणि मग सगळा भार तिसऱ्या वाटेवर येतो, नुसतं सोसत राहायचं आणि सोसण्यालाच अर्थ म्हणायचं. त्याने माणूस आतून करपतो. माझा करपला होता. ऑफिसातून आलो की जिन्यात दहा मिनिटं उभा राहायचो, किल्ली लावायचा धीर व्हायचा नाही.

मला ज्याने हात दिला ती गोष्ट एवढीशी आहे. बायकोचे वाईट दिवस असतात तेव्हा तिला चहात काही घातलंय असं वाटतं. मी दोन्ही कपांतून आधी एकेक घोट घ्यायचो, मग ती प्यायची. वर्षानुवर्षं हे मी चिडून करायचो, की बघा माझ्यावर ही वेळ आली. ग्रुपमधे एका आजोबांनी विचारलं, ती तुमच्यानंतर पिते ना? म्हणजे सगळ्या जगावरचा विश्वास उडालाय तेव्हाही तो तुमच्यावर आहे. मी गप्प झालो. परिस्थिती काडीची बदलली नाही, चहा तोच, कप तेच. पण मला त्या दिवसापासून तो घोट वेगळा लागतो. हे मला कुणी कागदावर लिहायला सांगितलं असतं तर मी पण उठून गेलो असतो.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत 'आवाज कमी झालेत पण तोही कमी झालाय'. याला शास्त्रात नाव आहे, संदिग्ध वियोग म्हणू. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी ७० च्या दशकात हे मांडलं, आधी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबद्दल, मग अशा घरांबद्दल जिथे माणूस डोळ्यांसमोर आहे पण पूर्वीचा राहिलेला नाही. माणूस गेला तर दहावं असतं, तेरावं असतं, लोक येऊन बसतात. तुमच्या घरी कोण बसायला आलं? गेलेल्या मुलासाठी रडायचं आणि असलेल्या मुलाला आठ वाजता गोळी द्यायची, दोन्ही एकाच दिवशी. तर आधी ते रडणं होऊ द्यायला हवं होतं, अर्थाचा कागद नंतर. चांगल्या गटात हा क्रम पाळतात.

आणि ही पद्धत हवेतली नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमधे विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकलच्या विचारांवरून गंभीर कॅन्सरच्या पेशंटसाठी गट बांधले, बहुतेक म्हणूनच तुमच्याकडेही आठ शनिवार आहेत, त्यांच्या गटाच्याही आठच बैठका असतात. पुढे तिथेच कॅन्सर पेशंटच्या घरच्यांसाठीही तसंच काम झालं. पण कॅन्सर आणि आपला आजार यात फरक आहे, आपल्याकडे मुक्काम कित्येक वर्षांचा असतो, आणि वर लोकांची कुजबुज. म्हणून जसंच्या तसं उचललं की तुमच्या तिसऱ्या शनिवारसारखं होतं.

विठू_सावळा, तुमच्या आत्याबद्दल आदर आहे. फक्त एक विनंती. प्रारब्ध म्हणून आत्याने स्वतः मानलं असेल तर तो तिचा आधार, त्याला कुणी हात लावू नये. पण तेच दुसऱ्याने आईला सांगितलं की तिला ऐकू येतं, तुझ्या पापाचं फळ. आधीच ह्या आयांनी फार ऐकलंय. १९४८ मधे तर एका नामवंत बाईंनी असा सिद्धांतच मांडला होता की आईच्या वागण्याने मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टरच आयांना दोषी धरायचे. आज ते पूर्ण मोडीत निघालंय. पारिजातकताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

विठू_सावळा

निरंजनजी, तसं म्हणायचं नव्हतं पण तुम्ही म्हणता ते पटलं. ताई, दुखावलं असेल तर माफ करा. आत्याला मी कधी विचारलंच नाही तिला काय वाटायचं. आता ती नाही.

गोदाकाठ

निरंजन यांचं लिहिलेलं आवडलं पण मी थोडी वेगळं बोलणार आहे. माझी मुलगी ३१ ची. दोन रात्री सलग झोप न झालेल्या बाईला अर्थ बिर्थ काही सापडत नाही. मला माझ्या सायकॉलॉजिस्टने असं काही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं आधी मला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून दे, मग विचार.

त्यामुळे ताई, ग्रुपला जा किंवा जाऊ नका, पण ह्या गोष्टी केल्यात का ते बघा. मी सगळ्या उशिरा केल्या, म्हणून सांगते.

मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांचं बोर्ड असतं, ऑनलाइन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज करायचा. लोकांना वाटतं शिक्का बसेल, माझ्या नवऱ्याने दोन वर्षं ह्याच कारणाने काढू दिलं नाही. शिक्का लोकांनी कधीच मारलाय, निदान हक्क तरी घ्या. ४० टक्के किंवा जास्त असेल तर जुन्या टॅक्स पद्धतीत सांभाळणाऱ्याला ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. यजमान झेडपीचे शिक्षक म्हणजे पेन्शन असेल. जे मानसिक आजारामुळे कमावू शकत नाही अशा अपत्याला पुढे फॅमिली पेन्शन मिळायची तरतूद असते, ऑफिसात जाऊन ते तुम्ही दोघं हयात असतानाच नोंदवून घ्या, मागाहून फार धावपळ होते.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्यात मुलगा स्वतः साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो की पुढे तब्येत बिघडली तर त्याच्या वतीने कोण बोलेल. तो बरा असतानाच हे त्याच्याशी बसून करा. आमच्या लेकीने माझं नाव न घालता मावशीचं घातलं. मला दोन दिवस लागलं ते, पण बरोबर होतं तिचं, मी रडते आणि मावशी रडत नाही.

रात्री-अपरात्री काही झालं, अगदी तुम्हाला स्वतःला सुद्धा जड झालं तर टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात.

हे सगळं अर्थाच्या विषयात कुठे बसतं असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर 'आमच्यानंतर हिचं कसं' हा जो प्रश्न रोज पहाटे चारला उठवतो ना, तो थोडा तरी मिटल्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. ज्या दिवशी पेन्शनचा कागद झाला त्या दिवशी मी खूप वर्षांनी नुसती बसून पावसाकडे बघितलं.

निरंजन_ठाणे

गोदाकाठ, पूर्ण पटलं. माझ्या लिहिण्यात हे राहून गेलं. टाळता येणारं दुःख आधी टाळा म्हणजे नेमकं हेच, कागद, पैसे, झोप.

धाकटा_पुणे

मी भाऊ. मोठ्या भावाला मी नववीत असताना झालं. आता मी ३४ चा.

इथे सगळे आईवडील किंवा नवरा म्हणून लिहितायत म्हणून म्हटलं आपण पण लिहावं. भावंडांना कुणी ग्रुपला बोलवत नाही. लहानपणी मला घरात कुणी काही सांगितलंच नाही, दादाला 'बरं नाही' एवढंच. दहावीला चांगले मार्क पडले तर पेढे वाटले नाहीत, दादाला वाईट वाटेल म्हणून, आणि मी तेव्हा ठरवलं की आपण कशातच आनंद दाखवायचा नाही. ती सवय अजून आहे, बायको म्हणते प्रमोशन झालं तरी तू सांगताना आवाज खाली करतोस. ताई तुमच्या मुलीबद्दल वाचून हेच आलं मनात. तिच्या लग्नात भावाचं काय सांगायचं हे तिलाच ठरवू द्या प्लीज. मी माझ्या बायकोला तिसऱ्या भेटीत सांगितलं, घरच्यांनी सांगू नको म्हटलेलं. ती म्हणाली भेटायचंय दादाला. दादा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही पण तिच्यासाठी स्वतः जाऊन क्रीमरोल घेऊन आला.

अर्थाबद्दल मला एवढंच कळतं की मी बरीच वर्षं एक हिशोब करत होतो, त्याला झालं आणि मला नाही म्हणजे मी दोघांचं आयुष्य जगायचं, दोघांचे मार्क, दोघांचं करियर. त्याचं ओझं एवढं होतं की मी दादाचा रागच करायला लागलो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, त्यांच्या स्वमदत गटाला एकदा गेलो. तिथे कळलं की संस्था १९९७ ची, सुरू केली ते डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्रोफेसर होते आणि त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. मला आधी वाटलं झालं, आता आपणही अशी संस्था काढायची का, तेवढं मोठं काही केलं तरच अर्थ का. तिथल्या एकांनी विचारलं तू दादाबरोबर शेवटचं कधी क्रिकेट बघितलंस. दर मॅचला बघतो आता. तो मधेच उठून जातो, परत येतो. स्कोर मला विचारत नाही, मीच सांगतो.

उन्हातला_पिंपळ

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. मला हा आजार आहे. पेशंट, शुभार्थी, जे म्हणाल ते. १४ वर्षं. गोळ्या नियमित, अर्धा वेळ नोकरी करतो, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे एकांचं, तिथे.

पारिजातक काकू, तुमचा मुलगा खुर्चीत बसून असतो ते आळस नाही हे तुम्हाला माहीत असेल. तरी आतून कसं असतं ते सांगतो. उठायचं ठरवणं आणि उठणं याच्यामधे एक मोठं अंतर असतं, तुमच्याकडे ते नसतं. आणि त्या खुर्चीतून सगळं दिसतं. आई किल्ल्यावर जायची बंद झाली ते दिसतं. बाबा उशिरा का येतात ते कळतं. आम्हाला कळत नाही असं लोकांना वाटतं, कळतं, फक्त चेहऱ्यावर येत नाही.

माझी आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. माझ्यामुळे सोडली. सात आठ वर्षं ती चोवीस तास फक्त माझी आई होती. सगळे म्हणायचे काय त्याग आहे. मी रोज त्या त्यागाकडे बघत जेवायचो काकू. घास जायचा नाही. माझं बरं होणं हाच तिच्या जगण्याचा अर्थ झालेला, आणि मी तर काही बरा होत नव्हतो, म्हणजे रोज तिला नापास मीच करत होतो. तिला हे मी कधी बोललो नाही, सोशल वर्करसमोर एकदा बोललो. नंतर ती मंगळवारी परत भजनाला जायला लागली. पहिल्या मंगळवारी दोन तासात तीन वेळा फोन केला तिने. आता करत नाही. ती नसते तेव्हा मी कुकर लावतो. तीन शिट्ट्या. तेवढं मी करतो हे तिने मंडळात सगळ्यांना सांगितलंय, मला लाज वाटते पण बरं पण वाटतं.

डॉक्टर लोक एक सांगतात ते खरं आहे, की घरात सतत टोमणे, राग असेल तर आजार लवकर उलटतो, आणि अति काळजी, सतत मागे मागे असणं, त्यानेही उलटतो. लंडनमधे यावर पूर्वीच अभ्यास झाला, नंतर चंदीगडमधेही, तो १९८७ ला छापून आला, त्यात आपल्याकडच्या घरांमधे टीका लंडनपेक्षा बरीच कमी दिसली. मला हे वाचून बरं वाटलेलं. म्हणजे आपल्या घरांमधे काहीतरी आहे चांगलं. फक्त काळजीचा दाब थोडा कमी करा एवढंच मागणं.

अमृतसरचं एक वाचलंय ते सांगून थांबतो. १९५० च्या दशकात तिथल्या मेंटल हॉस्पिटलमधे डॉ. विद्या सागर होते. तेव्हा पेशंटला आणून सोडायचे आणि घरचे निघून जायचे. त्यांनी हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकले आणि घरच्यांना पेशंटबरोबर राहायला बोलावलं, सगळ्यांशी एकत्र बोलायचे. लोक राहिले, शिकले आणि आपल्या माणसाला घेऊन घरी गेले. मला तो तंबू फार आवडतो. मी आत, आई बाहेर असं नाही, दोघं एकाच तंबूत, पण मधे बाकीच्या घरांचे पण तंबू. तुमच्या शनिवारच्या ग्रुपकडे तसं बघता आलं तर बघा.

रेवा_नगर

पिंपळ, 'घास जायचा नाही' हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण फोन हातात घेऊन स्वतः परत वाचलं. थँक्यू लिहिल्याबद्दल.

पारिजातक_सातारा

सगळ्यांना काय लिहू. रोज रात्री सगळं झोपलं की वाचत होते, उत्तर द्यायला दोन आठवडे लागले.

गोदाकाठ, यूडीआयडीचा फॉर्म भरला, लेकीने भरला ऑनलाइन. यजमान पेन्शनच्या चौकशीला पंचायत समितीत जाऊन आले, स्वतःहून गेले, परत येताना मुलासाठी कंदी पेढे आणले, का कोण जाणे, सणवार काही नव्हता. धाकटा, तुमचं लिहिलेलं मी लेकीला जसंच्या तसं पाठवलं. तिचा मेसेज आला 'आई मला माझं सांगू दे'. बरं म्हटलं.

निरंजनभाऊ, मी परत गेले ग्रुपला, पाचव्या शनिवारी. बाईंना सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचा प्रश्न मला फार लागला, आणि त्या दिवशी आधी रडायला जागा हवी होती. त्यांनी ऐकून घेतलं हो. म्हणाल्या माझं चुकलं, घाई केली. मग ज्या काकांनी संयम वगैरे लिहिलं होतं ते म्हणाले, खरं सांगू का, मी पण घरी जाऊन फाडला तो कागद. त्या दिवशी पूर्ण दीड तास आम्ही फक्त आपापली माणसं आधी कशी होती ते बोललो. मी सांगितलं की हा लहानपणी गणपतीत आरतीला सगळ्यात मोठ्याने ओरडायचा आणि झांज दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. सात वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळे फक्त गोळ्यांचं विचारतात.

आणि उन्हातला पिंपळ, बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी परवा रविवारी अजिंक्यताऱ्यावर गेले. ह्यांना म्हटलं आज शेताकडे नका जाऊ, घरी थांबा, तर थांबले. दम लागला, दोनदा बसावं लागलं, मैत्रिणींपैकी एकीचे गुडघे गेलेत त्यामुळे आम्ही दोघीच. वरून घर शोधायचा प्रयत्न केला, मला काही दिसलं नाही, नुसत्या टाक्या दिसतात. फोन हातात धरून होते पण केला नाही.

घरी आले तर तो खुर्चीतच होता. चपला काढत होते तर म्हणाला, वर धुकं होतं का.

मी म्हटलं होतं, यवतेश्वरच्या बाजूला. तर म्हणाला, मला इथून दिसत होतं.